शर्यत झाली की दोन दिवस जिना उतरता येत नाही : पाय दर वेळी का आंबतात?

आधी तक्रार नीट मांडतो, म्हणजे तुमची तीच आहे का ते कळेल. रविवारी अर्धमॅरेथॉन पळून होते. संध्याकाळपर्यंत पाय जड वाटतात, पण त्रास असा काही नाही. सोमवारी सकाळी पलंगावरून उठताना मांड्या ओरडतात. मंगळवारी त्याहून वाईट. जिना चढता येतो, उतरताना मात्र कठडा धरून, आडवं वळून, एकेक पायरी. देशी संडास असेल तर विचारूच नका. गुरुवारी जरा बरं वाटतं, शनिवारपर्यंत सगळं विसरायला होतं, आणि पुढच्या शर्यतीनंतर पुन्हा तेच.

मी वयाच्या सदतिसाव्या वर्षी पळायला लागलो, चार-पाच वर्षं बऱ्यापैकी पळालो आणि २०२० नंतर सुटलं ते सुटलंच. वजन नऊ किलोंनी वाढलं. पंचेचाळिशी ओलांडल्यावर परत बूट घातले. पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळच्या फेऱ्या सुरू केल्या, तीन महिन्यांत दम टिकायला लागला आणि मी लगेच साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. ती शर्यत पळालेल्यांना माहीत आहे: पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं वर जायचं आणि तोच रस्ता उतरून परत साताऱ्यात यायचं. चढताना मी शहाण्यासारखा पळालो, मध्ये चाललोही. उतरताना मात्र धुकं, भुरभुर पाऊस, ढोल वाजवणारी पोरं, आणि आपलं जुनं वय परत आल्यासारखं वाटणं. सुसाट आलो. मंगळवारी शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता. पाटावर बसलो तो दोघांनी हात देऊन उठवला.

त्यानंतर मी काय काय केलं त्याची यादी बरीच लांब आहे. तिळाचं तेल कोमट करून मालिश. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणं. बादलीत बर्फ. पोटरीवरचे घट्ट मोजे. फोम रोलर, ज्याला आमच्या घरी लाटणं म्हणतात. हळद-दूध. कुणीतरी सांगितलं म्हणून केळी, कुणी सांगितलं म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या. यातल्या काही गोष्टींनी तात्पुरतं बरं वाटतं, हे खरं. मालिश आणि थंड पाणी यांनी ठणका थोडा कमी होतो. स्ट्रेचिंगबद्दल मात्र संशोधन बरंच स्पष्ट आहे: पळण्याआधी ताणा नाहीतर नंतर ताणा, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात पडणारा फरक नगण्य असतो. ताणायला आवडत असेल तर ताणा, पण दुखणं थांबवण्यासाठी नको.

मुख्य गडबड अशी झाली की हे सगळे उपाय शर्यतीनंतरचे होते आणि कारण शर्यतीच्या आधीचं होतं. शिवाय पुढच्या काही महिन्यांत पाय तीनदा दुखले, तीनही वेळा वेगळ्या कारणानं, आणि मी तिन्ही वेळा तेच तेल चोळलं.

आधी ते ‘लॅक्टिक ॲसिड’ डोक्यातून काढा

आपल्याकडे ‘पाय आंबले’ म्हणतात. त्यामुळे स्नायूत आम्ल साचतं हे स्पष्टीकरण मराठी माणसाला पटकन पटतं. दही आंबवतं तेच ॲसिड, तेच पायात. पण शर्यत संपल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे त्याच ॲसिडचं रक्तातलं रूप, मूळ पातळीवर आलेलं असतं. सोमवारी सकाळी दुखायला ते तिथे नसतंच. तुम्ही झोपलात तेव्हा ते कधीच वापरलं गेलेलं असतं. शरीर ते इंधन म्हणून जाळतं.

दुसऱ्या दिवशी उगवणारं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेतून आणि त्यानंतरच्या दाहातून येतं. स्नायूत काहीतरी फाटत असावं, असं थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९०२ सालीच मांडलं होतं. दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांमध्ये शिगेला जातं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. तुमचं वेळापत्रक असंच असेल, दोन्ही पायांना सारखंच असेल आणि दुखणं एका ठिपक्यात नसून अख्ख्या मांडीभर किंवा पोटरीभर असेल, तर बहुतेक करून हेच आहे आणि घाबरण्यासारखं काही नाही.

मग उतारच का?

माळ्यावरचं धान्याचं पोतं दोरीनं हळूहळू खाली सोडताना काय होतं ते आठवा. दोरी हातातून पुढे सरकत असते आणि आपण तिला मागे ओढतही असतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो, स्नायू लांब होतो, आणि त्याच वेळी तो आपलं वजन धरून ठेवण्यासाठी आकसायचा प्रयत्न करत असतो. लांब होताना ताकद लावणं हे स्नायूला सगळ्यात महागात पडतं. चढावर दम जातो, पण स्नायू आखडत आखडत काम करतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फार तक्रार करत नाही. जिना चढता येतो आणि उतरता येत नाही, त्याचंही कारण हेच: उतरताना त्याच दुखावलेल्या स्नायूला पुन्हा तेच काम.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या मॅरेथॉनहून लांब शर्यतीला आपल्याकडून दरवर्षी बरेच धावपटू जातात. त्या शर्यतीची दिशा आलटून पालटून असते, एकदा डर्बनहून वर पीटरमारित्झबर्गकडे, एकदा तिकडून खाली. दोन्ही पळालेल्यांना विचारा, पायांची वाट कुठल्या वर्षी जास्त लागली. उत्तर बहुधा ‘उताराच्या वर्षी’ असंच येतं.

परत पळायला लागलेल्यांची एक जास्तीची अडचण असते. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी सावरतात. स्नायूंना उताराची सवय वेगळी लावावी लागते, आणि स्नायूबंध व हाडं यांना तर कित्येक महिने लागतात. त्यात डोक्यात जुना वेग बसलेला. दम साथ देतो म्हणून आपण जुन्या वेगानं जातो आणि पाय मात्र नवखे असतात. पहिल्यांदाच पळणारा नवखा या बाबतीत नशीबवान. त्याला जुना वेग माहीतच नसतो.

जो उपाय खरोखर लागू पडला

स्नायूचा एक गुण फार उपयोगी आहे. एकदा उतारानं तो दुखावला आणि सावरला, की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याला तितका दुखवत नाही. आणि हे संरक्षण मिळवायला पहिल्यांदा फार दुखावं लागतं असंही नाही. थोडासा डोस पुरतो. देवीची लस टोचल्यासारखं. म्हणजे ज्या उतारावर शर्यतीत पाय आंबणार आहेत, त्याचे छोटे घोट आधीच देऊन ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी साताऱ्याआधी मी असं केलं. शर्यतीच्या आठ आठवडे आधी पुण्याजवळच्या बोपदेव घाटाकडे सकाळी लवकर जायला लागलो. घाट अवघड वाटत असेल तर घराजवळचा कुठलाही साधा, फार तीव्र नसलेला डांबरी उतार चालेल. टेकडीवरची दगडधोंड्यांची वाट नको, तिथे लक्ष पायाखाली जातं आणि घोटा मुरगळतो. पहिल्या वेळी एक मिनिटाचे सहा उतार, तेही आरामात, गप्पा मारता येतील अशा वेगानं. वर चालत जायचं. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मांड्या जरा बोलल्या, पण कठडा धरावा लागला नाही. दहा दिवसांनी आठ उतार. मग दीड मिनिटाचे. सहाव्या आठवड्यात तीन किलोमीटर सलग खाली. शेवटचं उताराचं पळणं शर्यतीच्या बारा दिवस आधी. त्यानंतर अजिबात नाही, कारण शेवटच्या आठवड्यात पाय दुखावून ठेवले तर ते तसेच शर्यतीला न्यावे लागतात.

उताराचे दोन दिवस लागोपाठ कधीच नाहीत. एका आठवड्यात एकच, आणि त्या आठवड्यातलं लांब पळणं दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी.

घाटाला जाता येत नसेल त्यांनी जिना वापरावा. एका पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू, तीन आकडे मोजत, खालच्या पायरीला टेकवायचा. वजन वरच्या पायावर. दोन्ही बाजूंनी दहा-दहा, तीन वेळा, आठवड्यातून दोनदा. दिसायला हे काम फारच किरकोळ दिसतं. पहिल्या दिवशी एका पायाला वीसच करा, असं मी सांगतो, आणि तरीही सगळे तीस करतात आणि तिसऱ्या दिवशी मला फोन करतात.

उतरण्याची पद्धतही बदलली. आधी मी लांब ढांगा टाकायचो, टाच पुढे आपटायची, म्हणजे दर पावलाला ब्रेक. आता पावलं आखूड आणि भराभर टाकतो, पाऊल शरीराच्या खाली पडेल असं बघतो, आणि मागे रेलत नाही. मागे रेललं की सुरक्षित वाटतं, पण मांडीवरचा भार वाढतो.

निकाल: साताऱ्यात वेळ आधीच्यापेक्षा चार मिनिटांनी सुधारली, ती गौण. सोमवारी मांड्या जड होत्या. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरलो, कठड्याला हात न लावता.

दुसरं दुखणं : पोटऱ्या, आणि दोषी बूट

पहिल्या साताऱ्यानंतर दोन महिन्यांनी पुण्यात एक सपाट दहा किलोमीटर पळालो. उतार नावाला नाही. तरी दोन्ही पोटऱ्या चार दिवस दगडासारख्या. तेल चोळलं, काही फरक नाही. मग लक्षात आलं की त्या दिवशी मी पहिल्यांदाच कार्बन प्लेटचे नवे बूट घातले होते, सरावात एकदाही न वापरता. अशा बुटांचा तळ कडक आणि वर उंच, मऊ फोम. भार जिथे पडायची सवय होती तिथून हलतो आणि बऱ्याच जणांच्या पोटऱ्यांना व टाचेच्या वरच्या शिरेला ते जाणवतं. बूट वाईट होते असं नाही. मी त्यांची ओळख शर्यतीतच करून घेतली, ही चूक. आता सरावात तीन-चार वेळा, आधी दोन-तीन किलोमीटर, असं करून मगच शर्यतीत घालतो.

उलट बाजूही बघा: बूट जुना झाला असेल तर फोम बसलेला असतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर म्हणतात, वजन आणि बुटाप्रमाणे फरक पडतो. वरून नवा दिसणारा बूट आतून मेलेला असू शकतो, आणि आमच्यासारखे लोक तो आणखी एक वर्ष रेटतात कारण ‘अजून चांगला आहे की’.

पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं हा स्वस्त आणि मस्त व्यायाम आहे. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. दोन्ही केलं तर पोटरीतले वरचे आणि खालचे दोन्ही स्नायू कामाला लागतात.

तिसरं : हे मी स्वतःच ओढवून घेतलं

जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन. सी लिंकवरचा वारा, मग पेडर रोडचा चढ आणि केम्प्स कॉर्नरवरून चौपाटीकडचा उतार. या वेळी मांड्या दोनच दिवस दुखल्या. गुरुवारी काही दुखेना म्हणून शुक्रवारी खुशीत चारशे-चारशे मीटरचे वेगवान फेरे मारायला गेलो. पाचव्या फेरीत उजव्या पोटरीत चमक. तीन आठवडे बंद.

यात शिकण्यासारखं आहे ते असं: दुखणं थांबतं त्या दिवशी ताकद परत आलेली नसते. स्नायूची ताकद दुखण्यापेक्षा सावकाश परतते, कधी कधी आठवड्याच्या वर जातं. म्हणून न दुखणाऱ्या पायावर विश्वास ठेवू नका, निदान अर्ध्या मॅरेथॉननंतरचे दहा दिवस तरी. मी आता पहिले तीन दिवस फक्त चालतो, मग जिना कठड्याशिवाय उतरता येतो का ते बघतो, आणि आला तर वीस मिनिटं अगदी हळू. वेगाचं काम दहा दिवसांनंतर. चालणं मात्र सोडू नका. अंथरुणावर पडून राहिलं की पाय आणखी आखडतात.

शर्यत संपल्या संपल्या गाडीत बसून पुण्याला परत यायचं, तीन-चार तास पाय दुमडून, हेही आम्ही करतो. मध्ये फूड मॉलला उतरा, वडापाव खा, पण त्याआधी दहा मिनिटं चाला.

गोळ्यांबद्दल

शर्यतीच्या आधी ‘दुखू नये म्हणून’ आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, कोपऱ्यात उभे राहून, जणू प्रसाद. घाम गेलेला असतो, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, आणि ही औषधं तिथला रक्तपुरवठा आणखी कमी करू शकतात. शर्यतीआधी आणि शर्यतीत नकोत. नंतर घ्यायच्याच झाल्या तर नीट पाणी पिऊन, लघवी व्यवस्थित झाल्यावर, आणि डॉक्टरांना विचारून. रक्तदाब, मधुमेह किंवा आम्लपित्त असेल तर आधीच विचारा.

वांब येणं वेगळं

पळताना शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पोटरीत गोळा आला, तर ते या दुखण्यात धरू नका. बहुतेक वेळा तो थकलेल्या स्नायूचा असतो आणि सरावापेक्षा जास्त वेगानं पळणाऱ्यांना येतो. मीठ-पाण्याचा काही जणांना उपयोग होतो, काहींना नाही. थांबा, हळू ताणा, चाला. प्रत्येक पाणपोईवर भीतीनं पाणी ढोसत राहणं मात्र धोक्याचं आहे. फार पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम खाली जातं आणि त्यानं माणसं गंभीर आजारी पडतात. तहान लागेल तसं प्या.

हे असेल तर घरगुती उपाय बंद करा

नडगीच्या हाडावर एका बोटानं दाखवता येईल इतक्या जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की जास्त दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. पळणं थांबवा, दाखवून घ्या. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा नेहमीच दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत सुरू करू नका. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं हे त्याहून सौम्य असतं, पण तेही ‘अंतर कमी करा’ असंच सांगत असतं.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, लाल झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी तपासा. त्या पोटरीला मालिश करू नका. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इमर्जन्सीत.

शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली आणि पाय फारच सुजले, कमजोर झाले, तर थेट हॉस्पिटल. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले घटक मूत्रपिंडात अडकण्याचा तो प्रकार असू शकतो. तिथे ‘जरा नारळपाणी पिऊन बघू’ चालत नाही.

पावसाळ्यात ताप आणि सांधे-पाय दुखणं एकत्र आलं तर शर्यतीला दोष देण्याआधी डेंग्यू-चिकुनगुनियाची तपासणी करा.

आणि चाळिशी-पन्नाशीतल्यांसाठी एक खास गोष्ट. आमच्या टेकडीवर एक काका आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या दोन्ही मांड्या आठवडाभर दुखायच्या, पळोत न पळोत. उतार नाही, नवे बूट नाहीत, दुखण्याला सोमवार-मंगळवारचं वेळापत्रकही नाही. शेवटी लक्षात आलं की सुरुवात कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून आहे. स्टॅटिन गटातल्या औषधांनी काही जणांचे स्नायू दुखतात. त्यांनी गोळी स्वतःहून बंद केली नाही, हे महत्त्वाचं. डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासलं, डॉक्टरांनी औषध बदललं. व्हिटॅमिन डी कमी असण्याचंही असंच, ऊन असलेल्या देशात राहूनही आपल्याकडे ते बऱ्याच जणांचं कमी निघतं. दुखण्याचं आणि पळण्याचं नातंच जुळत नसेल तर एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

माझ्या वहीतले रकाने

शर्यतीनंतर मी आता चारच गोष्टी लिहितो: कुठे दुखतंय, एका पायाला की दोन्ही, कधी सुरू झालं, आणि गेल्या दोन आठवड्यांत नवीन काय केलं. चौथा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. त्यात आजवर ‘उतार’, ‘नवे बूट’, ‘खूप लवकर वेग’ आणि एकदा ‘भाच्याच्या लग्नात पाच तास चामडी चप्पल’ असं लिहिलेलं आहे.

सध्या त्या वहीत एकच नोंद उघडी आहे. डाव्या टाचेच्या वर सकाळी पहिली दहा पावलं आखडल्यासारखी पडतात, मग मोकळं होतं. दुसरा रकाना: एका पायाला. चौथा रकाना: बोपदेवला एका आठवड्यात दोनदा गेलो होतो. उतार बंद ठेवून रोज टाचा वर-खाली करतोय, आज अकरावा दिवस.